बेसचा सूर संपवायचा कुठे?

प्रश्न: मी बारा वर्षं एका रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक बेस वाजवला. बँड फुटला आणि बेस खोळीत गेला. दोन महिन्यांपूर्वी एक मैत्रीण मला लोकसंगीताच्या बैठकीला घेऊन गेली. दहाबारा जण गोल करून बसलेले, माइक नाही, स्टेज नाही. दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची शिट्टीवजा बासरी, कॉन्सर्टिना ही हातात धरायची छोटी भात्याची पेटी, एक गिटार आणि बाउरॉन नावाचं चामड्याचं चौकटवाद्य. धुना बहुतेक आयरिश, मध्येच एखादं गाणं. मला ते इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात बेस आणि छोटा अॅम्प घेऊन गेलो. आवाज 'दोन'वर ठेवला होता. पहिल्या खेपेला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला बासरीवाल्या बाईंनी खुर्ची उचलून पलीकडे नेली, आणि निघताना ज्येष्ठ फिडलवाले काका म्हणाले, "वाजवता छान, पण आमचे पाय अडकतात." मला अर्थ लागला नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. आवाज आणखी कमी करू? डबल बेस घेऊ? की हे संगीत माझ्या वाद्याचं नाहीच?
– गोलाबाहेरचा

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. वाद्य आहे तेच ठेवा. डबल बेस नको, निदान या वर्षी तरी नको. आणि आवाज 'दोन'वरून 'दीड'वर आणल्याने काकांचे पाय सुटणार नाहीत, कारण ते आवाजाबद्दल बोललेच नव्हते. "कान किटतात" असं ते म्हणाले नाहीत, "पाय अडकतात" म्हणाले. इतकं नेमकं निदान मला माझ्या वेळी कुणी करून दिलं नव्हतं.

जिग, रील, हॉर्नपाइप, पोल्का या सगळ्या नाचाच्या धुना. तुमच्या बैठकीत कुणी नाचत नसलं तरी फिडलवाल्याच्या गजात तो नाच असतोच. नाचणाऱ्याचा पाय ठोक्यावर पडतो ते सगळ्यांना दिसतं, पण पडायच्या आधी तो उचलावा लागतो. त्या उचलण्यासाठी सुरांमध्ये थोडी मोकळी जागा लागते. बाउरॉनचा ठोका पडतो आणि विरतो. अकूस्टिक गिटारचा झंकार छेडल्या क्षणापासून मावळायला लागतो. डबल बेसची बोटाने छेडलेली तारसुद्धा 'धुम्' म्हणते आणि बऱ्यापैकी लवकर मागे सरते. तुमच्या इलेक्ट्रिक बेसचं अंग भरीव लाकडाचं, त्यामुळे तारेची ताकद पोकळ पेटीत खर्च होत नाही, आणि वर अॅम्प आहेच. सूर पुढच्या ठोक्यापर्यंत ताठ उभा राहतो, तो संपायच्या आत दुसरा येऊन त्याला चिकटतो. वाजवणाऱ्यांना मग गुडघाभर चिखलातून नाचल्यासारखं वाटतं.

रॉकमध्ये हीच तुमची जमेची बाजू होती. तिथे ड्रमरचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला सूर कापून द्यायचा, तुम्ही मधली पोकळी भरायची. इथे कापून देणारं कुणी नाही. सूर तुम्हीच लावायचा आणि तुम्हीच आवरायचा.

तेव्हा पहिले दोन आठवडे एवढंच करा. जिगच्या सहा मात्रा असतात, तीन-तीनचे दोन गट. दादरा कानात असेल तर गणित नवं नाही, झोका तेवढा वेगळा. एक आणि चार या मात्रांवर सूर घ्या. 'एक'वर घेतलेला सूर 'दोन' सरता सरता थांबवा. 'तीन' पूर्ण रिकामी. 'चार'वर घेतलेला 'पाच'च्या अखेरीस थांबवा. 'सहा' रिकामी. या दोन रिकाम्या मात्रा म्हणजे काकांचे पाय. रीलमध्ये आठ जलद स्वरांचं एक माप धरा आणि पहिल्या व पाचव्या स्वरावर सूर घ्या, तोही अर्ध्यातच सोडा. स्लिप जिग नऊची, तीन गट, तत्त्व तेच. मेट्रोनोम लावून एकच सूर रोज दहा मिनिटं असा वाजवा, जिगचा एकेक गट मिनिटाला ११० च्या आसपास धरून. फार कंटाळवाणं आहे, मान्य. पण सूर लावायला तुम्ही बारा वर्षं दिलीत, तो नेमक्या जागी उचलायला दोन आठवडे द्या.

आता एक सापळा सांगतो, ज्यात मी स्वतः वर्षभर अडकलो होतो. फिडलच्या चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लावलेल्या असतात. बेसच्या ई, ए, डी, जी. तीच चार नावं, उलट्या क्रमाने. टिन व्हिसल आणि लाकडी बासरीही बहुधा डीची. त्यामुळे या धुनांचे आधारसूर डी, जी, ए, ई असेच जास्त निघतात, आणि ते सगळे तुमच्या मोकळ्या तारांवर आयते हजर! डाव्या हाताला काही कामच नाही. आपण खूश होतो, आणि तिथेच फसतो. मोकळी तार आपण होऊन थांबत नाही. दाबलेली तार बोट जरा सैल केलं की गप्प होते. म्हणून मोकळ्या तारा काही महिने विसरा आणि हात पाचव्या पडद्यावर नेऊन ठेवा. पाचवा आणि सातवा पडदा पाहा: ई तारेवर ए आणि बी, ए तारेवर डी आणि ई, डी तारेवर जी आणि ए, जी तारेवर सी आणि डी. नेहमीच्या धुनांना लागणारे जवळजवळ सगळे आधारसूर या दोन पडद्यांवर आहेत. हात हलवायचा नाही, तार मोकळी सोडायची नाही. शिवाय सर्वांत खालच्या ढवळून टाकणाऱ्या सुरांपासून तुम्ही आपोआप थोडे वर राहता.

उजव्या हाताबद्दल. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर अलगद टेकवा आणि अंगठ्याने छेडा. सूर जाड येईल पण लांबणार नाही. हे जमेना, तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फेंडर कंपनीच्या जुन्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी कारखान्यातूनच बसून यायची. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या शेकडो ध्वनिमुद्रिकांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन मूळचा डबल बेसवाला. इलेक्ट्रिक बेसवर तो फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावायचा, खाली फोम ठेवायचा आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरायचा. तुमच्या तारा बहुधा राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या खरखरीत असतील. त्यांवर बोट घासलं की जो 'चर्र' आवाज येतो तो रॉकमध्ये गिटारींच्या गदारोळात बुडून जातो, इथे बासरीच्या शेजारी तो सगळ्यांना ऐकू जातो. फ्लॅटवाउंड किंवा नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा लावा. या सगळ्या उद्योगात मी फक्त एवढाच खर्च करायला सांगेन. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, तुम्ही करत नसाल असं धरून चालतो.

आवाजाकडे वळू, कारण 'दोनवर ठेवला होता' या वाक्यात तुमचा निरागसपणा दिसतो. बटणावरचा आकडा काहीच सांगत नाही. खोली किती मोठी, अॅम्प कोपऱ्यात की मध्ये, जमिनीवर की स्टुलावर, यावर सगळं ठरतं. कोपऱ्यातल्या अॅम्पचा खर्ज दोन्ही भिंती आणि जमीन मिळून फुगवतात. छोट्या अॅम्पचा स्पीकर तुमच्या पोटऱ्यांशी बोलत असतो. खर्ज खोलीभर पसरतो, पण तारेची टोकदार सुरुवात सरळ रेषेत जाते: तुमच्या पायांवरून थेट समोर बसलेल्या माणसाच्या कानात. तुम्हाला वाटतं, आपलं तर काहीच ऐकू येत नाहीये! समोर बासरीवाल्या बाई होत्या का हो? असं म्हणतात की खालच्या ई तारेची ४१ हर्ट्झची लहर आठ मीटर लांब असते, म्हणून बेस लांब गेल्यावरच 'तयार' होतो. लहरीची लांबी खरी, निष्कर्ष खोटा. तसं असतं तर हेडफोनमध्ये खर्ज ऐकूच आला नसता.

खरी अडचण कानाची आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी दाखवलं की सारख्याच ताकदीचे सूर आपल्याला सारखे मोठे ऐकू येत नाहीत, आणि हळू आवाजात तळाचे सूर सर्वांत जास्त मार खातात. शांत खोलीतल्या हळू बोलण्याइतका, म्हणजे साधारण ४० डेसिबलचा मधल्या पट्टीतला सूर घ्या. ४० हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटायला आणखी सुमारे ४० डेसिबल जास्त लागतात. आणि दुसरी गंमत अशी की एकदा तो ऐकू यायला लागला की थोड्याशा वाढीनेही झपाट्याने मोठा वाटतो. म्हणजे 'ऐकूच येत नाही' आणि 'डोक्यावर बसला' यांच्यात बटणाचा अगदी थोडा फेर. म्हणून तर बेसवाला बैठकीच्या सुरुवातीला बिचारा असतो आणि तासाभराने नकोसा होतो.

उपाय उलटा वाटेल असा आहे: अॅम्पवरचं 'बेस' लिहिलेलं बटण कमी करा. डबल बेसचा देह एवढा अगडबंब असूनही अगदी तळाच्या सुरांचा मूळ कंप तो फारसा बाहेर टाकू शकत नाही. आपण ऐकतो ते मुख्यतः वरचे सहस्वर, आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर ताडतो. तुम्हीही तळ थोडा कापा, मधला भाग तसाच ठेवा, तुमच्या वाद्यावरचं टोनचं बटण बरंच मागे घ्या. आवाज लाकडाकडे झुकेल, आणि आकडा न वाढवता तुमचं तुम्हालाही ऐकू येईल. अॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून स्वतःच्या कानाकडे वळवा, म्हणजे जास्त झालं की सर्वांत आधी त्रास तुम्हाला होईल. लांब केबल असेल तर एखादी धून चालू असताना वाजवत वाजवत उठा आणि गोलाच्या पलीकडे जाऊन उभे राहा. फोनवर ध्वनिमुद्रण करून तपासू नका, फोनच्या छोट्या स्पीकरला तळाचे सूर पेलत नाहीत आणि तुम्ही स्वतःला निर्दोष सोडून द्याल. माप कशाचं लावायचं? गोलातल्या सर्वांत हळू वाद्याचं. व्हिसलचा खालचा सप्तक किंवा कॉन्सर्टिना तुम्हाला तुमच्या जागेवरून स्पष्ट ऐकू येत नसेल तर चूक तुमची आहे, त्यांची नाही.

हे झालं कसं वाजवायचं त्याबद्दल. काय वाजवायचं, तिथे माझ्या मते खरी जोखीम आहे, आणि तुम्ही ते विचारलेलंच नाही.

गिटारवाला जी मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, धरतो: जी, बी, डी. तुम्ही खाली जी घेतलात तर तो जी मेजरच राहतो. तुम्ही ई घेतलात, तर त्याने बोट न हलवता त्याचा कॉर्ड ई मायनर सेव्हन झाला. त्याने ई मायनर धरला आणि तुम्ही सी घेतलात, झाला सी मेजर सेव्हन. फिडलवाल्याने चुकीचा स्वर लावला तर तो त्याच्यापुरता चुकतो. बेसवाल्याचा 'बरोबर' पण वेगळा सूर सगळ्या खोलीच्या वतीने निर्णय घेऊन टाकतो. रॉक बँडमध्ये हे सगळं तालमीत ठरतं. इथे कुणीच काही ठरवलेलं नसतं. सगळी सुरावटीची वाद्यं एकच धून वाजवतात, प्रत्येकजण आपल्या हरकती जोडून, आणि ती धून तुमच्याशिवाय, गिटारीशिवायही पूर्ण असते. फिडल आणि बासरी दोघंच वाजवत बसले तरी कुणाला काही कमी वाटत नाही. हे एकदा मनापासून मान्य केलंत की बाकीचं सोपं होतं.

यातल्या कितीतरी धुना ना सरळ मेजर, ना सरळ मायनर. पाश्चात्त्य नावं डोरियन आणि मिक्सोलिडियन. मराठी कानाला सांगायचं तर एक काफी थाट आणि दुसरा खमाज. दोन्हींत निषाद कोमल. जाणते गिटारवाले मुद्दाम गंधार गाळून वाजवतात, तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात, म्हणजे नुसता षड्ज-पंचमाचा भरणा मिळतो आणि गंधाराचा निर्णय धुनेवर सोपवला जातो. अशा जागी तुम्ही खाली ठसठशीत गंधार लावलात तर धुनेने झाकून ठेवलेलं तुम्ही उघडं केलंत. म्हणून पहिले सहा महिने गंधार वर्ज्य. षड्ज घ्या, कधीमधी पंचम घ्या. काफी किंवा खमाज अंगाची धून असेल तर षड्ज आणि त्याच्या लगेच खालचा कोमल निषाद, बस्स. ए डोरियनला ए आणि जी, ई डोरियनला ई आणि डी, डी मिक्सोलिडियनला डी आणि सी. दोन पडद्यांचं अंतर. आख्खी धून या दोन सुरांवर उभी राहते आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही. कंटाळा फक्त बेसवाल्याला येतो, आणि मग तो मधल्या पायऱ्या भरायला लागतो. तेव्हा हात मांडीवर ठेवावा. कधी तर एकच षड्ज आख्ख्या भागाखाली तंबोऱ्यासारखा धरून ठेवता येतो. 'धरून ठेवा' म्हणजे दर ठोक्याला तोच सूर घ्या आणि दर ठोक्याला सोडा. मी वर एवढं डोकं खाल्लंय ते विसरू नका.

गिटारवाल्याचा डावा हात दिसेल असे बसा, आणि त्याच्या मनात काय आहे ते पाहून मगच सूर लावा. क्षणभर उशीर झाला तर तो सूर सोडून द्या, पुढचा घ्या. त्याची खालची तार डीला उतरवलेली असेल, तर ती तुमच्या मोकळ्या डी तारेच्या अगदी त्याच सुरात असते, ७३ हर्ट्झ. दोघांनी एकाच जागी मुसळ घालण्यापेक्षा तो खाली असेल तेव्हा तुम्ही थांबा. बैठकीत एका वेळी एकच गिटार आणि एकच बाउरॉन बरा, असं जुने वाजवणारे मानतात. ते साथीदारांच्या गर्दीला घाबरून. तुम्ही त्या गर्दीतले तिसरे आहात.

माझी एक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा अशा बैठकीला गेलो तेव्हा मी फार तयारीचा होतो. कुठलीही धून आली की दोन ओळींत कॉर्ड पकडायचे आणि खाली दर ठोक्याला नवा सूर घेणारी सुरेख चालती ओळ टाकायची. मध्ये थांबलो असताना एका वयस्क अकॉर्डियनवाल्यांनी अगदी कुतूहलाने विचारलं, "तुम्ही कुठली धून वाजवत होतात?" मी म्हटलं, तुम्ही वाजवत होतात तीच की! ते म्हणाले, "अच्छा, कोणती?" मला नाव सांगता आलं नाही, ते ठीक. पण त्यांनी पहिली ओळ गुणगुणून दाखवायला सांगितली, तीही येईना. तीन वेळा पूर्ण धून वाजवून झाली होती आणि माझ्या कानात फक्त कॉर्ड राहिले होते. त्यानंतर मी जी धून गुणगुणता येत नाही ती वाजवायची नाही असं ठरवलं, आणि पहिल्या वर्षी बहुतेक वेळ नुसता बसून राहिलो.

धुनेची रचना तशी सुटसुटीत असते. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, एकूण बत्तीस. असं बहुधा तीनदा, आणि मग न थांबता पुढची धून. दोन-तीन धुनांचा असा एक सेट. पहिल्या फेरीत ऐका. दुसऱ्या फेरीच्या दुसऱ्या भागात या. सुरावट तिथे बरेचदा वर चढते, खाली जागा रिकामी होते आणि तुमचं येणं कुणाला खुपत नाही. धून बदलते त्या क्षणी मात्र हात काढून घ्या. षड्ज तिथेच बदलतो, आणि जुन्या षड्जावर रेंगाळलेला बेस म्हणजे वळणावर गाडीखाली आलेला दगड. नव्या धुनेचा पहिला भाग एकदा जाऊ द्या. नवा षड्ज कानात बसला की मग. घरी या धुना बेसच्या वरच्या पडद्यांवर सावकाश बसवा, सुरावटीसकट. बैठकीत त्या तशा वाजवायच्या नाहीत. पण धून कुठे श्वास घेते ते बोटांना कळलं की खाली कुठे गप्प बसायचं ते वेगळं शिकावं लागत नाही. संथ विलंबित धुना, ज्यांत ठोकाच नसतो, त्या पूर्ण सोडा. कुणी एकट्याने गायला लागलं तर हात तारांवर आडवा ठेवून तार मुकी करा, कारण बाजूच्या आवाजाने चालू असलेल्या बेसच्या तारा गुंजतात आणि अॅम्प त्या चोख ऐकवतो. गाणाऱ्याने मान हलवून बोलावलं तर गोष्ट वेगळी.

बैठकीचे संकेत थोडक्यात. तुम्ही अॅम्प लावण्याआधी विचारलं होतं का? पत्रात तसं दिसत नाही. गोलात जे धुना सुरू करतात त्यांना विचारायचं, आणि "दोन सेट वाजवू का" असं मोजून विचारायचं. नुसतं "वाजवू का" विचारलं की भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही. केबल लावताना आवाज शून्यावर. सूर लावायला हेडस्टॉकला चिमटा लावायचा ट्यूनर, अॅम्पमधून टंगटंग नाही. केबल कुणाच्या पायात येणार नाही अशी, नाहीतर काकांचे पाय खरोखरच अडकतील.

लोकसंगीतात इलेक्ट्रिक बेस शोभतो का, या शंकेचं उत्तर इतिहासाने कधीच दिलंय. १९६९ पर्यंत इंग्लंडमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमध्ये अॅशली हचिंग्ज पारंपरिक गाण्यांखाली बेस वाजवत होता. त्यानेच पुढे उभ्या केलेल्या स्टीलाय स्पॅन या बँडने १९७१ मध्ये ड्रमशिवाय रेकॉर्ड केलं, तालाचा बराच भार बेसवर टाकून. आणि 'परंपरा' म्हणाल, तर आयरिश संगीतात बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य १९६० च्या दशकात आलं, बाउरॉनसुद्धा वाद्यवृंदात मानाने बसला तो त्याच सुमारास, शॉन ओ रिआदा या आयरिश संगीतकाराच्या प्रयोगांमुळे. फक्त ही माहिती बैठकीत कुणाला ऐकवू नका. वादात जिंकलेल्या साथीदाराला पुढच्या आठवड्याचा निरोप येत नाही. शिवाय ते बँड होते, तालीम करून मंचावर जाणारे. तुमच्यासमोर बसलेली माणसं एकमेकांसाठी वाजवतात.

डबल बेसचं म्हणाल, तर तो न लांबणारा सूर आयता देतो आणि बदल्यात पडद्यांशिवाय सुरात राहायची कित्येक वर्षांची मेहनत मागतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेसला 'प्रिसिजन' नाव पडलं ते पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून. बेसूर डबल बेस हा आटोपशीर इलेक्ट्रिक बेसपेक्षा जास्त त्रासदायक असतो, दिसायला कितीही देखणा असो. अकूस्टिक बेस गिटार घ्या असंही कुणी सुचवेल. त्याची पेटी एवढ्या खालच्या सुरांना लहान पडते, दहा जणांत तो ऐकूच येत नाही, आणि मग त्यालाही केबल लावावी लागते.

तर पुढच्या आठवड्यात जा, पण बेस न घेता. काकांच्या शेजारची जागा मिळाली तर तिथे बसा आणि त्यांच्या हातांकडे न बघता पायांकडे बघा: टाच कधी उचलते, कधी टेकते. मध्ये चहापाण्याला थांबलात की त्यांना सांगा, पाय का अडकत होते ते कळलं, आणि दोन धुनांची नावं विचारून घ्या. त्या दोन शिकून घ्या, हव्या तर महिनाभर लावा. मग स्पंज घालून, अॅम्प खुर्चीवर ठेवून, त्या दोनच वाजवा आणि उरलेला वेळ बेस मांडीवर आडवा. बासरीवाल्या बाई त्या दिवशी कुठे बसल्या ते मला जरूर कळवा.